थेटे सर शाळा दाखवतात

रंगनाथ : सावकाश या मॅडम, हा जिना जरा उभा आहे. शाळा बांधली तेव्हा दोनच मजले होते. वरचे दोन नंतर चढवले, जिना मात्र तोच पुढे ओढला.

सरिता : चढणीची मला सवय आहे सर. तुमचाच गुडघा दुखतोय वाटतं.

रंगनाथ : दुखायचे दिवस गेले त्याचे. पर्यवेक्षक म्हणजे काय, तर जिने. मुख्याध्यापकांनी बोलावलं की खाली, पोरांनी बाक मोडलं की वर. तर ही आमची शाळा. सकाळी पाचवी ते सातवी, दुपारी आठवी ते दहावी. चार हजाराच्या घरात मुलं. पंचवटी, म्हसरूळ, मखमलाबाद, शिवाय वसतिगृहातली पेठ-हरसूलकडची. सकाळची बाहेर पडतात आणि दुपारची आत घुसतात, तेव्हा फाटकाशी उभं राहून बघा एकदा. आमचे एक चित्रकलेचे सर तेवढं बघून गेले, ते दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

सरिता : मुख्याध्यापक कधी भेटतील? शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश त्यांच्या हातात द्यायचाय. मला आजच रुजू व्हायचंय.

रंगनाथ : ते संस्थेच्या मीटिंगला गेलेत. जाताना मला म्हणाले, थेटे, भोये मॅडम येतील, घोटीकडच्या शाळेतून अतिरिक्त ठरलेल्या. त्यांना आधी शाळा नीट दाखवा. उगाच नंतर कटकट नको. तेव्हा तुम्ही बघा, घरी जाऊन विचार करा. घाई काय आहे?

सरिता : विचार कसला करू सर? शाळा बंद पडली, मी जादा ठरले. पंगतीत जादा झालेलं पान जिथं जागा मिळेल तिथं बसतं.

सिंधुबाई : थेटे सर, पानी आनलंय बाईंला. मोठं सर इचारत व्हते, बाई गेल्या का म्हनून.

रंगनाथ : सिंधुबाई, मोठे सर मीटिंगला गेलेत ना?

सिंधुबाई : हां, हां. मीटिंगलाच गेलेत. आत्ता चहा दिऊन आले की मी तिथं, केबिनमधी.

रंगनाथ : बरं, जा तू. मॅडम, ही आमची शिपाई. बोलायला लागली की आवरत नाही. तर आता चौथा मजला. इथं वर पत्रे आहेत. उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात ताशा. पाऊस सुरू झाला की शिकवायचं सोडून फळ्यावर लिहीत राहायचं, कारण तुमचं तुम्हालाही ऐकू येत नाही. नवीन शिक्षकाला पहिली दोन वर्षं हाच मजला. तशी प्रथाच आहे आमच्याकडे.

सरिता : बरं.

रंगनाथ : आणि शेवटची तुकडी. आठवी फ. सगळीकडून गाळून उरलेली पोरं. ऐंशीच्या वर पट आहे. एका बाकावर चौघं. तरी जी उरतात ती फळ्याखाली जमिनीवर.

सरिता : म्हणजे माझ्या पायाशी.

रंगनाथ : हो. लिहिताना खडूची भुकटी त्यांच्या डोक्यावर पडते. हजेरी घेण्यातच निम्मा तास जातो. वह्या तपासायला घेतल्या तर रविवार गेलाच समजा. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच, तो कपाटात, आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे असते ते बऱ्याचदा रजेवर. त्यात यंदा सिंहस्थ. ऑगस्टमध्ये बंदोबस्ताचे पोलीस उतरायला वर्ग द्यायचेत, म्हणजे दोन-दोन तुकड्या एकत्र. दीडशे मुलं एका वर्गात, आणि तुम्ही.

सरिता : दीडशे.

रंगनाथ : मी खोटं सांगत नाही मॅडम. नाव मोठं आहे शाळेचं, पण आत यायचं तर आगीतून फुफाट्यात. तुमचं वयही आता पळापळीचं नाही. तुमच्या भागात एखादी लहान शाळा असेल की. तसं दोन ओळीत लिहून दिलंत, की इथं रुजू व्हायची इच्छा नाही, तर मी मुख्याध्यापकांना सांगून शेरा चांगला मारून घेतो.

सरिता : सर, आपण जरा या पायरीवर बसू या का? तुम्ही गुडघा चोळताय.

रंगनाथ : बसू. बसू या.

सरिता : तुम्ही मघापासून मला पोरांची भीती घालताय. माझं काय झालंय ते सांगते. आमच्या शाळेत मी लागले तेव्हा वर्ग भरलेले असायचे. मग घोटीत इंग्रजी शाळा निघाली, तिची जीप गावात यायला लागली. काही पोरं जीपमध्ये गेली, काही आश्रमशाळेत. ज्यांचे आईबाप दिंडोरीला द्राक्षांच्या कामावर जातात ती दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर. मग आम्ही शिक्षक मे महिन्यात पोरं मागत हिंडायचो. सुट्टी म्हणजे काय ते मला विचारू नका. पाड्यापाड्यावर जायचं, ओट्यावर बसायचं, म्हणायचं, पोरगं आमच्या शाळेत घाला, वह्या मी देते, दप्तर मी देते. लोक म्हणायचे, बाई आली, आता पोरगं नेते का काय. गमतीनं म्हणायचे, पण लागायचं.

रंगनाथ : हे माहीत नव्हतं मला. आमच्याकडे पोरं आपणहून येतात.

सरिता : शेवटच्या वर्षी एका घरी गेले. पोरगी हुशार होती, सातवी झालेली. तिची आई म्हणाली, बाई, तुमच्यावर राग नाही, पण तिला वर्गात एकटीला करमायचं नाही. मी काय बोलणार? आठवीत खरंच पोरगी म्हणून ती एकटीच उरणार होती. मीच तिचा दाखला काढून दिला. त्यानंतर महिन्याभरात आमची शाळा बंद.

रंगनाथ : आणि तुम्ही जादा.

सरिता : आणि तुम्ही म्हणता, एका बाकावर चौघं. सर, खरं सांगू? मघाशी तुम्ही दीडशे म्हणालात तेव्हा मला रडू यायला लागलं होतं. भीतीनं नाही.

रंगनाथ : माझं चुकलंच. तुम्हाला घाबरवायचं तर रिकामा वर्ग दाखवायला हवा होता.

सरिता : शिवाय हे जिने तुम्ही चढवणार ते मला आधीच ठाऊक होतं. शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात बाकावर कातकाडे सर भेटले. म्हणाले, त्या शाळेत थेटे म्हणून एक गृहस्थ आहेत, स्वभावानं चांगले आहेत, पण ते चौथ्या मजल्यावर नेतील आणि घाम पुसत लिहून द्यायला सांगतील.

रंगनाथ : कातकाडे. उंच, सायखेड्याचे. कसे आहेत?

सरिता : तुम्हाला लिहून दिल्यापासून त्यांचा दुसरा आदेश निघालेला नाही. रोज सकाळी घरून डबा घेऊन निघतात, ऑफिसच्या बाकावर बसतात, तिथंच जेवतात आणि शाळा सुटायच्या वेळेला परत जातात. घरी वाटतं, शाळेत जातायत.

रंगनाथ : मला वाटलं, त्यांना त्यांच्या गावाजवळ मिळाली असेल.

सरिता : तुम्ही विचारलंत का कधी?

रंगनाथ : नाही. तिघं आले आतापर्यंत. तिघांनाही मीच फिरवलं. नंतर एकाचीही चौकशी केली नाही. केली असती तर चौथ्याला फिरवता आलं नसतं, हे मला कळत होतं.

सरिता : कुणासाठी राखून ठेवलीय ही जागा? संस्थेच्या कुणाचा भाचा, पुतण्या?

रंगनाथ : ते असतं तर बरं झालं असतं. निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. माझी मुलगी आहे. पल्लवी.

सरिता : इथंच शिकवते?

रंगनाथ : तीन वर्षं. तासिकेवर, कायम नाही. जागा निघाली की तिलाच, असं मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं. मात्र आधी तुमच्यासारखे जे आदेश घेऊन येतील ते परत जायला हवेत. ते काम माझ्याकडे. मुलगी तुमची, मग जिनेही तुम्हीच चढा, म्हणाले. हसत म्हणाले. परवा पल्लवी मला म्हणाली, बाबा, यंदा नाही झालं तर सोडते मी, कुठंतरी दुकानात हिशेब लिहीन. ती बोलायची म्हणून बोलत नाही, करते.

सरिता : आत्ता कुठं आहे?

रंगनाथ : तो समोरचा वर्ग. आठवी फ. तिच्याच गळ्यात आहे.

सरिता : बघू?

(दोघं वर्गाच्या खिडकीपाशी जातात. आतून आधी मुलांचा गलका, मग एका बाईचा शांत आवाज, मग हशा. दोघं खिडकीतून बघत उभी राहतात.)

सरिता : छान शिकवते. फळ्यावर उंच लिहीत नाही. मुलांच्या डोक्यावर भुकटी पडू नये म्हणून वाकून लिहितेय.

रंगनाथ : मी हे कधी उभं राहून बघितलंच नाही. बाप आला असं पोरांनी म्हणू नये, म्हणून या खिडकीवरून मी मान खाली घालून जातो.

सरिता : सर, मी लिहून देते असं धरा. ती आत आली. मग ती सगळ्यांत शेवटची लागलेली. तुमच्या या पंचवटीतही जिपा सुरू झाल्यात, मघाशी फाटकासमोरून दोन गेल्या. पाच-सात वर्षांत तुकड्या तुटायला लागतील. पहिली जादा कोण ठरेल?

रंगनाथ : तीच.

सरिता : हातात आदेश घेऊन कुठल्यातरी शाळेच्या जिन्यात उभी राहील. तिथंही कुणीतरी एक थेटे सर असतील. त्यांनाही मुलगी असेल.

रंगनाथ : हे तुम्ही मला बोचावं म्हणून बोलताय.

सरिता : नाही सर. भांडायचं असतं तर आमची शाळा मोडताना भांडले असते. मी फार थकलेय. मला फक्त मुलं बसलेल्या वर्गात जाऊन उभं राहायचंय. तुम्ही म्हणालात तर आठवी फ, तुम्ही म्हणालात तर हेच पत्रे. पण लिहून मी देणार नाही.

रंगनाथ : नका देऊ.

सरिता : नको?

रंगनाथ : तुम्ही लिहून दिलं नाही तर त्यांना तुम्हाला घ्यावंच लागतं. सगळं तेवढ्यावरच अडतं. बाकी सगळे नुसते जिने. ते तिघं दमले म्हणून गेले, कायद्यानं नाही गेले.

सिंधुबाई : सर, ओ सर. लय येळ झाला, मोठं सर चिडल्यात. म्हनतात, लिहून दिलं का नाय बाईंनी? मी म्हनलं, मला काय ठावं, मी तर मीटिंगला चहाच नेते.

रंगनाथ : त्यांना जाऊन सांग, थेटे सरांनी शाळा दाखवली, आणि भोये बाईंना ती पसंत आहे. आम्ही दोघं खाली येतोय, रुजू करून घ्यायला. आदेश हातात देऊनच बाहेर पडू, मीटिंग चालू असली तरी.

सिंधुबाई : असं सांगू? असंच?

रंगनाथ : असंच. एक शब्द गाळू नकोस. एरवी गाळत नाहीसच.

सरिता : सर, तुम्हाला त्रास होईल याचा.

रंगनाथ : नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी. आता यापेक्षा उंच मजला त्यांच्याकडेही नाही. चला. उतरताना कठड्याला धरा, तिसरी पायरी हलते.

सिंधुबाई : सर, पन मंग पल्लवीताईला कोन सांगनार?

रंगनाथ : मी सांगतो.

सिंधुबाई : मंग आत्ताच बोलवू का तिला बाहेर? तुमी हायेत तंवर?

रंगनाथ : नको. घंटा होऊ दे. हा तास तिचा आहे.