सात लाख एकोणीस हजार सातशे एकोणीस

गणितात दोनदा नापास झालेला धीरज या बारी लाजेपायी पेपरच देणार नव्हता. हिंगणघाटच्या कॉलेजातल्या अ‍ॅडमिशनच्या लायनीत तो दोस्त निकेशच्या सोबतीला उभा होता. पुढं फॉर्मच्या खिडकीपाशी वडनेरचे दुकानदार हरिदासभाऊ अन् त्यांची पोरगी प्रेरणा.

“बाबा, मले सायन्सच पाह्यजे.”

“गणित झेपन का तुले?”

“तीन आकडी नंबर धरा. लागोपाठ दोनदा लिहा. सात, अकरा, तेरा, तिघांनीही भाग जाईन. नाई गेला तं आर्ट्स भरा.”

“सातशे एकोणीस! त्याले कशानंच भाग जात नाई.”

“दोनदा लिहा, अन् मोबाइलवर पाहा.”

“सातनं... पॉइंट नाई आला. अकरानं... नाई. तेरानं... अवं, काऊन?”

“सात, अकरा, तेराचा गुणाकार हजार एक. नंबर दोनदा लिहिला का हजार एकनंच गुणला.”

“ओ मॅडम, सायन्सचाच फॉर्म द्या! पोट्टीनं हरवलं मले!”

धीरजनं निकेशचा हात दाबला.

“या बारी गणिताचा पेपर देतो लेका, अन् पास होऊनच तुले तोंड दाखवतो.”