विषमुक्त बाळ

मानसिंग : कोबी तोडायचा ऱ्हाऊ दी जरा. आधी ह्ये वाच. नातवाच्या फोटूखाली भाजीच्या ग्रुपवर तू काय लिवलंयस, मोठ्यानं वाच.

रविराज : तुमी वाचलंय की, आबा.

मानसिंग : मला लेकाच्या तोंडून ऐकायचंय.

रविराज : "आमच्या निरवांगीच्या विषमुक्त शेतातलं विषमुक्त बाळ. अविराज, वय चार महिने. एकही लस नाही, एकही गोळी नाही."

मानसिंग : आन् खाली किती जणांनी हात जोडलेत?

उत्कर्षा : अठ्ठेचाळीस. एका बाईनं तिथंच दोन किलो भेंडी सांगितलीय.

मानसिंग : मंजी पोरगं न्हाय, भेंडीचा बोर्ड हाय ह्यो.

उत्कर्षा : आणि लिहिलंय ते खोटं आहे, आबा. जन्मला त्याच दिवशी दवाखान्यात दोन सुया झाल्यात, तोंडात थेंब झालेत. डाव्या दंडावर खूण आहे. फोटो काढताना यांनी ऐन उन्हाळ्यात त्याला लांब बाह्यांचं झबलं घातलं, ते उगाच नाही.

रविराज : ते दवाखान्यानं आपल्याला न विचारता दिलं होतं.

मानसिंग : मग तसं लिव की. थोडी भेसळ हाय म्हणावं मालात.

रविराज : थट्टा करा तुमी. मी दोन वर्षं यावर वाचतोय. निसर्गानं शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती दिलेली आहे. तिला तिचं काम करू द्यायचं असतं. ग्रुपमधली माणसं काय अडाणी आहेत का? इंजिनियर आहेत, प्राध्यापक आहेत. प्रगती मॅडम तर परदेशात राहून आल्यात.

मानसिंग : बरं. निसर्गानं दिलीय. मग वरच्या वस्तीवर निसर्ग काय करतोय, ते बघून आलास का?

रविराज : ऐकलं मी.

मानसिंग : ऐकलंस. जाऊन न्हाय आलास. ज्ञानेश तुझ्यासंगं शाळंला हुता.

उत्कर्षा : ज्ञानेशभाऊंची मुलगी तीन दिवस झाले बारामतीला ॲडमिट आहे. डांग्या खोकला. खोकता खोकता निळी पडते, श्वास परत यायला वेळ लागतो. सहा महिन्यांची आहे. तिलाही दिली नव्हती लस. तुमचंच बघून राहिले होते ते.

रविराज : माझं बघून कशाला? मी काय त्यांना सांगायला गेलो होतो?

उत्कर्षा : शेतकरी मेळाव्यात माईक घेऊन बोलला होता. पहिल्या रांगेत बसले होते ते.

रविराज : आईचं दूध नीट मिळालं असतं तर...

उत्कर्षा : पुढं बोलू नका. तिची आई अंगावरच पाजत होती. माझ्यासमोर पाजलंय तिनं.

मानसिंग : आता बोल की. माईक देऊ का आणून?

रविराज : आबा, तुमचं काय जातंय हिणवायला.

मानसिंग : माझं काय जातंय? माझा नातू जातोय, गाढवा. त्या पोरीची आजी रोज हितनं दळण घेऊन जायची. आपल्या पाळण्यापशी बसायची घटकाभर. ती बी खोकतीय आता.

उत्कर्षा : म्हणूनच म्हणते, आज सुप्रियाताई अंगणवाडीत एक वाजेपर्यंत आहेत. नर्सबाई पण आल्यात. दीड महिन्याचा डोस चुकला, अडीचचा चुकला, साडेतीनचा चुकला. आज गेलं नाही तर परत महिनाभर थांबायचं.

मानसिंग : ती सुप्रिया दोनदा दारातनं माघारी गेली. आशा वर्कर म्हणून गावातलं एकूणएक पोरगं तिनं लशीला न्हेलं, आन् हितं तिला काय मिळालं तर कागुद.

रविराज : मी फक्त प्रश्न लिहून दिले होते. वीस प्रश्न. शास्त्रीय उत्तरं आणा, मग बोलू म्हटलं. त्यात काय चुकलं?

उत्कर्षा : उत्तरं आणली त्यांनी. डॉक्टरांकडं दोन हेलपाटे घातले, वीसच्या वीस लिहून आणली. पाकीट फ्रिजवर आहे. त्याच्यावर तुमची गांडूळखताची पुस्तकं आहेत.

मानसिंग : उघडलंस?

रविराज : वेळ न्हाय मिळाला.

मानसिंग : व्हय व्हय. फोटू काढायला मिळाला.

रविराज : हे बघा, नुसतं टोचून यायचा विषय न्हाय हा. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय. आपला भाजीपाला व्यापारी गोणीनं उकिरड्यावर ओतत होता, तो आज पुण्यात दारात जातोय. कशामुळं? मी बोलतो तसं वागतो म्हणून. उद्या प्रगती मॅडमना काय तोंड दाखवू?

उत्कर्षा : त्यांचं मी सांगते. काल तुम्ही शेतात होता, तेव्हा ऑर्डर द्यायला त्यांचा फोन आला. मी सहज विचारलं, मॅडम, तुमच्या नातवालाही एकही लस दिली नाही ना?

रविराज : तू कशाला विचारायला गेलीस?

उत्कर्षा : माझं पोर आहे म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचं जरा वेगळं आहे गं, पाळणाघरात कार्ड दाखवल्याशिवाय घेत नाहीत." सगळ्या झाल्यात त्याच्या. सरकारी नाही, विकतच्या. सर्दी-तापाची वरची एक असते, तीसुद्धा.

रविराज : असं त्या म्हणाल्या?

उत्कर्षा : वर म्हणाल्या, "पण तुमचं धाडस बघून आम्हाला फार बरं वाटतं." आणि पालक कोवळा पाठवा म्हणाल्या.

मानसिंग : मंजी त्यांचं पोरगं कंपाउंडात, आन् आपलं डेमो प्लॉट. जगलं तर टाळ्या. वा रं पट्ठ्या. आता इचार की त्यांना. वीस परश्न हुते की तुझ्याकडं.

रविराज : मॅडमचं जाऊ द्या. मॅडम गेल्या खड्ड्यात. मला त्या लशीच्या बाटलीचाच भरवसा न्हाय, आबा. आपल्या डाळिंबावर मारायला किडीचं औषध आणलं होतं, त्याबद्दल बी दुकानदार म्हणला हुता, काय हुत न्हाय. तुमी म्हणला, फडकं बांध तोंडाला आन् मार. मी मारलं. दुपारी बांधावर पडलो, तोंडाला फेस आला. तुमी विसरला आसाल. मला आजून त्या वासानं उलटी येती. तवाच ठरवलं, माझ्या पोराच्या अंगात असलं कायबी जाऊ द्यायचं न्हाय. मला भ्या वाटतं. बास. ग्रुपबिप नंतरचं हाय सगळं.

उत्कर्षा : हे मला कधी बोलला नाहीत.

रविराज : काय बोलणार. भाषणं द्यायला सोपं जातं.

मानसिंग : विसरलो न्हाय मी. फडकं बांध म्हणलो, ते माझं चुकलं. त्ये माझ्या डोस्क्यातनं मरंस्तवर जायाचं न्हाय. पर पडल्यावर काय झालं, ते तुला म्हाईत न्हाय.

रविराज : माहितीय की. तीन दिवस ॲडमिट हुतो.

मानसिंग : ते नंतर लोकांनी सांगितलं तुला. तू बेसूद हुतास. मी खाटंपशी हुतो. धा-पंधरा मिन्टाला एक सुई देत हुते. रातभर. मोजायला लागलो आन् मोजता मोजता चुकलो. ते औषध काय गांडुळांनी केलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणला, ह्ये बी एक जातीचं इषच हाय, पर ह्याच्याबिगर तुमचा पोरगा ऱ्हात न्हाय. सही करा. मला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाय. मला बी भ्या वाटलं. पर सही केली. तुला इचारलं न्हाय.

रविराज : मला कसं इचारणार? मला बोलताच येत नव्हतं.

मानसिंग : व्हय. म्हणून तर बापाला इचारलं.

(उत्कर्षा वावरालगतच्या घरात जाऊन बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन येते. बाळ जागं आहे.)

उत्कर्षा : सव्वाबारा झालेत. मी निघाले. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी आज जाणार हे सकाळीच ठरवलं होतं. पण तुम्ही आला तर बरं होईल. सुई देताना पाय घट्ट धरायला माणूस लागतं आणि आबांचे हात कापतात.

मानसिंग : माझे हात कापत न्हाईत.

उत्कर्षा : कापतात, आबा. चहा सांडतो तुमच्या बशीतनं.

रविराज : दोन्ही मांड्यांत देतात?

उत्कर्षा : दोन्ही. आणि तोंडात थेंब.

रविराज : ताप येतो म्हणतात.

उत्कर्षा : येईल एखादा दिवस. त्याचं औषध तिथंच देतात. पाकिटातल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर आहे ते.

रविराज : तू वाचलंस पाकीट?

उत्कर्षा : घरात कुणीतरी वाचायला नको?

रविराज : आन् ग्रुपला काय सांगू?

उत्कर्षा : सांगा, भेंडी आहे. बाळ विकायला नाही.

मानसिंग : गाडी काढ. चालत गेला तर एक वाजंल. कोबी मी बघतो.

रविराज : आण, दे त्याला माझ्याकडं. मी धरतो. आबा, लई रडंल का हो?

मानसिंग : रडू दी. तू तीन दिवस बेसूद हुतास, रडला न्हाईस, तवा माझं काय झालं ते मलाच म्हाईत.