मामलेदारांना साठीची भेट

मामलेदारसाहेबांच्या साठीला चीनमधल्या सुचौ शहरात भेटी घेऊन आलेल्यांची रांग लागली होती. दारवान पांग एकेकाचं नाव लिहून घेत होता. त्याच्या पुढ्यात रेशमाचे व्यापारी छाओ आणि शाळेतले यान गुरुजी बोलत उभे होते.

“गुरुजी, साहेबांसाठी आणलेलं हे चित्र बघा. दोन म्हातारे डोंगरावर औषधी खुडताहेत. दीर्घायुष्य!”

“औषधी नाही हो, रानभाजी आहे ती.”

“मग रानभाजी खाऊन दीर्घायुष्य.”

“छाओशेठ, हे दोघे उपाशी मेले.”

“काय सांगता!”

“जुनं राज्य बुडालं, तेव्हा नव्या राजाचा दाणा खाणार नाही म्हणून डोंगरावर गेले. पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट आहे.”

“मी फक्त चित्राचं रेशीम बघितलं हो. चित्रकार म्हणाला, साहेबांना अगदी लागू पडेल.”

“पडेलच की. साहेब मिंग राजाचे मामलेदार होते. आता मिंगांना बुडवून गादीवर बसलेल्या मांचूंचेही मामलेदारच आहेत.”

“मेलो! मी निघतो.”

“कुठे? नाव लिहून झालंय तुमचं.”

“पांगभाऊ, तेवढं खोडा ना!”

पांगने वहीतून मान वर केली नाही.

“घाबरू नका शेठ. दरवर्षी वाढदिवसाला असं एक तरी चित्र येतंच. साहेब रागावत नाहीत. स्वतःच्या हाताने आतल्या खोलीत टांगतात आणि दार लावून बघत बसतात.”

“आणि मग?”

“मग जेवायला बाहेर येतात.”