दोन मतं तर पक्की

मी, व्हर्ना टॉलेफसन, वय ५८ वर्षे, धंदा शाळेत स्वयंपाक, राहणार बर्च स्ट्रीट, स्टोनी प्रेअरी, मिनेसोटा, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती अर्विड यांच्यासह राहते. ते शहराच्या आइस हॉकीच्या रिंकवर बर्फ सारखा करण्याचे मशीन चालवतात.

रिंक विकायची भाषा गॉर्डन हाउगलँड यांनी काढली, म्हणून मी त्यांच्याविरुद्ध महापौरपदाला उभी राहिले. गॉर्डन लहानपणी माझ्याच वर्गात होते. आमच्याकडे या निवडणुकीत पक्ष नसतो, मतपत्रिकेवर नुसती माणसांची नावे. चर्चच्या जेवणात गॉर्डन म्हणाले, "व्हर्ना, मी तुला मत देतो, तू मला दे. स्वतःच्याच नावावर खूण करणं शोभत नाही गं." मला पटले. ताटातला शेवटचा तुकडा आपण उचलायचा नाही, हे आमच्या घरचे वळण. मी शब्द पाळला.

मी एका मताने पडले.

काल सायंकाळी नगरभवनात फेरमोजणीचा निकाल वाचून झाल्यावर कॉफीच्या टेबलाशी मी गॉर्डनना विचारले, "तू मला दिलंस ना?" ते हसले. "अगं, ते गमतीत म्हटलं होतं! तू काय खरंच..." माझा चेहरा पाहून ते थांबले. मला रडू आवरले नाही. "व्हर्ना, ऐक तरी," म्हणून त्यांनी माझा हात धरला. तेवढ्यात अर्विड आले. "जिंकलास ना? मग आता माझ्या बायकोला कशाला रडवतोस रे?" असे म्हणून त्यांनी गॉर्डनना ढकलले. गॉर्डन टेबलावर पडले व त्यांचे मनगट मोडले.

गॉर्डन मला वावगे काही बोलले नव्हते. अर्विड भांडखोर नाहीत. आजवर रिंकवर पोरांची भांडणे त्यांनीच सोडवली आहेत. दोष असेल तर माझ्या शहाणपणाचा आहे आणि त्याचा मला फार पस्तावा होतो.

मतदानाच्या दिवशी मी व अर्विड शेजारशेजारच्या कप्प्यांत होतो. बाहेर आल्यावर अर्विड यांनी माझ्या कोटावर 'मी मत दिले'चा बिल्ला चिकटवला व म्हणाले, "चला, दोन मतं तर पक्की!" मी होय म्हटले.

माझा जबाब मला वाचून दाखवला. अर्विड बाहेर बाकावर बसले आहेत, म्हणून हळू वाचण्याची मी विनंती केली. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.