पाहुण्यासाठी भरलेली विहीर

आमच्या देवासच्या वसंताचा हा किस्सा ऐकाच. तो भूजलाचा शास्त्रज्ञ, गावोगावच्या विहिरींची पातळी मोजतो. एकदा मीही त्याच्याबरोबर हाटपिपल्याजवळच्या एका गावात गेलो. विहीर कोरडी निघाली, तरच गावाला तलाव मिळणार होता. आणि ऐन मे महिन्यात विहिरीत चांगलं पुरुषभर पाणी!

सरपंच काकीजी अभिमानाने म्हणाल्या, "सकाळीच टँकर ओतला. पावणा आवे ने कुवो सूखो दिखे, अच्छो लागे कई?"

वसंताने कपाळाला हात लावला. आठवड्याने परत जाऊन त्याने कोरडी विहीर मोजली, तेव्हा कुठे तलाव मंजूर होऊन बांधला गेला.

यंदाच्या मेमध्ये पुन्हा गेलो, तर पुन्हा पाणी!

वसंताने हात जोडले. "काकीजी, खरं सांगा, किती टँकर ओतले?"

"एक बी नी, भिया! अबके तो टँकरवालोच यां से भरी ने ले गयो."