पैशाला व्याज नाही, घराला भाडं नाही

नाही नाही, मथुराबाईला काही बोलू नका तुम्ही! त्या बाईचा काय दोष? अन् बँकेतल्या अनंतबाबूचाही नाही. दोष सारा आमच्या सुधाकरचा, माझ्या सख्ख्या साडूचा, अन् त्याच्या त्या घराण्याचा! तुम्हाला सांगतो, लोकांच्या घराण्यात जहागिरी असतात, तलवारी असतात, काही नाही तर दमा तरी असतो. ह्याच्या घराण्यात काय? तर 'आमच्या घराण्यात आजवर कुणी व्याज भरलेलं नाही!' आजोबांनी तापीत उभं राहून शपथ घेतली होती म्हणे. आता आजोबांना कर्ज द्यायला कोण रांग लावून बसलं होतं, ते विचारू नका.

तर साल एकोणसाठ. नागपूर सुटून आपलं बुऱ्हाणपूर भोपाळच्या राज्यात गेलं त्याला दोन-अडीच वर्षं झालेली, बाजारात शेराचा किलो होऊ राहिला होता, आण्याचे नवे पैसे होऊ राहिले होते, भाजीवालीला सुट्टे मोजता येईनात अन् गिऱ्हाइकाला घेता येईनात, अन् अशात ह्या गिरणीतल्या कारकुनाच्या डोक्यात काय यावं? घर घ्यायचं! राहायला नाही हां, विकायला! स्वस्तात गळकं घर घ्यायचं, झकास दुरुस्त करायचं, नफ्यानं विकायचं, अन् त्या पैशात स्वतःचं राहतं घर घ्यायचं. कारण मुदत होती ना! राहत होता ती खोली पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोडायची होती, घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलेलं. शारदा, म्हणजे माझी मेहुणी, तिनं तर पाटल्या काढून दिल्या. म्हणाली, "घ्या. पण आखाजीला मी सामान घेऊन रस्त्यावर उभी राहणार नाही, सांगून ठेवते!"

राजपुरा मोहल्ल्यात घर मिळालं. आत उभं राहिलं की कौलांतून आभाळ दिसायचं. सगळी शिल्लक अन् पाटल्या त्यातच गेल्या. आता दुरुस्तीला दीड हजार पाहिजेत, ते आणायचे कुठून? घर गहाण ठेवून! पण गहाण कुणाकडे? इथून खरा तमाशा सुरू झाला.

आधी आम्ही गेलो सहकारी बँकेत. अनंतबाबू, सज्जन माणूस, पान बाजूला सरकवून म्हणतो कसा, "देखिए सुधाकरबाबू, शेकडा आठ साल का. म्हणजे महिन्याला दहा रुपये. मुद्दल घर विकल्यावर एकदम भरा. घर तुमच्याच ताब्यात. ये फॉर्म भरिए." फॉर्म होता भोपाळच्या नव्या हिंदीत! 'बंधककर्ता', 'ऋणग्रहीता'... सुधाकर वाचता वाचता पांढरा पडला. "भाऊ, हे मी कर्ज घेऊ राहिलो का काळ्या पाण्यावर जाऊ राहिलो?" पण फॉर्मचं निमित्त हो! खरं दुखणं ते दहा रुपये. व्याज! आजोबा! तापी! उठला की हा खुर्चीवरून.

मग सुकलालशेठ सावकार. ते म्हणाले, "शेकडा दोन, पण महिन्याचे." तिथून तर तो चपला हातात घेऊन पळाला.

अन् मग भेटल्या मथुराबाई. विधवा बाई, लेकरूबाळ नाही, केळीचा मळा दिराला विकून पैसे गाठीला, अन् गावात राहायला जागा पाहिजे. म्हणाल्या, "भाऊ, मी देते ना दीड हजार! ताबेगहाण करू. तुह्यं घर माह्या ताब्यात, माहे पैसे तुह्या ताब्यात. पैशाला व्याज नाही, घराला भाडं नाही!"

तुम्हाला सांगतो, सुधाकरच्या डोळ्यांत पाणी आलं. पैशाला व्याज नाही, घराला भाडं नाही! मी म्हटलं, "अरे बाबा, बाई घरात राहणार, मग दुरुस्ती कशी करशील, दाखवशील कसं?" तर मलाच उलटा, "तुम्हाला व्यवहार कळत नाही. रिकाम्या घराचे दरवाजे चोर नेतात. ही तर फुकटची राखण झाली!" घ्या! बँकेचा शिकलेला माणूस मूर्ख, अन् हा शहाणा!

स्टँपपेपर आला. कचेरीतला कागद लिहिणारा अर्जनवीस वाचू लागला, "...सदर रकमेस व्याज नाही, सदर घरास भाडं नाही..." अन् सुधाकरनं त्याचा हातच धरला. "बस बस! पुढं वाचायची गरज नाही, आण सही करतो!" पुढं अजून अर्धं पान होतं हो! साक्षीदार म्हणून सही कुणाची? माझी. मी वाचलं का? नाही. समोर माव्याची जिलबी आलेली होती, गरम. माणूस आहे शेवटी मी.

मग दुरुस्ती सुरू झाली, अन् काय सांगू! मथुराबाई पहिल्या दिवसापासून मधोमध बाजेवर. सुधाकर गोटू मिस्त्रीला सांगणार, "भिंत पांढरी कर." बाई बाजेवरून, "पांढरी काहून? मळते! पिवळी कर रे." सुधाकर सांगणार, "इथं दुकानाचा गाळा काढू, भाव येईल." बाई म्हणणार, "गाळा कशाले? इथं माहं देवघर, उगवतीले तोंड करून." गोटू कुणाचं ऐकणार? दुपारी मांडे अन् आमरस कोण घालतं, त्याचं! अशानं बाईंच्या हट्टापायी माडीवर एक खोली झाली, मोरीला शहाबादी फरशी आली, दारात झोपाळा आला. दिलेले पैसे बाईंचे, त्यातून झालेलं घर बाईंच्या पसंतीचं, अन् उन्हातान्हात सिमेंटच्या परमिटला पळायचं कुणी? तर सुधाकरनं! संध्याकाळी चुन्यानं माखलेला यायचा अन् मला म्हणायचा, "काहीही म्हणा भाऊ... पैशाला व्याज नाही, घराला भाडं नाही!"

पण घर झालं बरं का झकास. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा हेवा वाटला.

आखाजीला महिना उरला अन् इच्छापूरचे निंबाशेठ आले, केळीचे व्यापारी. झोपाळ्यावर बसले, माडी चढले, बाईंच्या हातचा चहा प्याले, अन् म्हणाले, "पाच हजार. आखाजीच्या आधी रिकामं करून द्या." पाच हजार! सुधाकर तर जमिनीवरून दोन बोटं वरच! शारदानं मनातल्या मनात नव्या घराचे पडदेसुद्धा शिवले. हा मथुराबाईंपुढं हात जोडून म्हणतो, "मावशी, तुमचे दीड हजार शेठच्या बयाण्यातून उद्याच मोजून देतो, आता घर सोडा."

बाई शांतपणे उठल्या, पितळी डबा उघडला, स्टँपपेपर काढला अन् माझ्या हातात दिला. "तू साक्षीदार ना? वाच पुढचं."

वाचलं हो. पहिल्यांदाच वाचलं. 'पाच आखाज्या पूर्ण होईतो मुद्दल परत घेतले जाणार नाही व ताबा सुटणार नाही.' आता ह्यात बाईंचं काय चुकलं? आपल्याकडे वर्षाचा गडी, सालदार, ठेवला तरी आखाजी ते आखाजी, शेत बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं तरी आखाजी ते आखाजी! बाईंनी शेताचा कायदा घराला लावला. सुधाकर गयावया करू लागला, "मावशी, घ्या ना पैसे, तुमचेच आहेत!"

"घेऊन काय करू? ठेवू कुठं? चोरानं नेले म्हंजे?" बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे भाऊ. माहे पैसे तुह्याजवळ सुखात आहेत, अन् मी तुह्या घरात सुखात आहे. पैशाला व्याज नाही..."

पुढचं सुधाकरनं ऐकलं नाही, तो पायरीवर बसला होता, डोकं धरून. निंबाशेठ चहाची तारीफ करत करत गेले, अन् त्यांनी शनवाऱ्यात दुसरं घर घेतलं. मला फार वाईट वाटलं हो. हसतो आता, पण त्या दिवशी त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं.

आखाजी आली. खोली सुटली. हातगाडीवर ट्रंक, गाद्या, तुळशीचं डबडं, अन् शारदा रस्त्यावर उभी! जायचं कुठं? शेवटी तीच म्हणाली, "अहो, मावशींची माडीवरची खोली रिकामीच आहे की." मावशींची! स्वतःच्या घराला बायको मावशींचं म्हणू राहिली, अन् ह्यानं हातगाडीचा दांडा धरला. गाडी राजपुऱ्याकडे वळली.

मथुराबाईंनी दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. "ये ना भाऊ, ये! तुह्यंच घर आहे, लाजतो काहून?" शारदाला पोटाशी धरलं, आमरसाची वाटी दिली, गाद्या स्वतः वर नेल्या. अन् खाली येऊन, पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "फक्त माडीचं भाडं... महिन्याचे दहा रुपये. दर एक तारखेले."

आता चार आखाज्या उरल्या आहेत. दोघं मजेत आहेत, शारदाचं वजन वाढलं, सुधाकर झोपाळ्यावर पेपर वाचतो. अख्ख्या बुऱ्हाणपुरात स्वतःच्या घराचं भाडं भरणारा हा एकटाच घरमालक! परवा अनंतबाबू रस्त्यात भेटला, मी माडीच्या भाड्याचं सांगितलं, तर बोटांवर मोजून म्हणाला, "दहा? अरे भाऊ, बँकेचं व्याजही दहाच होतं ना?" मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तुम्हीही कधी गेलात त्याच्याकडे, तर जपून बोला बरं. भाडं म्हणा, फक्त भाडं. त्यांच्या घराण्यात व्याज कुणी भरत नाही.