पंचांगातली कळलावी

—आता पानी प्या अन् गप ऐका, गोरक्षबाबा. राहात्यापासनं यष्टीनं आलाय, लेकीची रदबदली कराया आलाय, न सांगता कळतंय मला. धनी मळ्यात गेल्यात, येत्याल इतक्यात. तवर माझं काम चालू द्या. काय बगताय? जुनं पंचांग हाय, भटजीनं टाकून दिल्यालं. त्येच्यात फुलं दाबते मी. सारा गाव नेतो ह्या छबूबाईकडनं. ही सोनकी — म्हशीच्या दाव्याला बांदली का दूध आटत न्हाई. हा तेरडा, पोरीचं लगीन आडलं असंल तर. डोंगरावनं खुडायचं, दव वाळायच्या आत, वाटंनं कुनाशी बोलायचं न्हाई — मग जसलं काम तसल्या तिथीच्या पानावर निजवायचं. पाकळीवर पाकळी चढू द्यायची न्हाई. वर पाटा, अकरा दिस. घाई केली का बुरशी धरती. मला कदी घाई नव्हती, बाबा.

बारा वर्सं माझी कूस उजवली न्हाई, तवा तुमी चांगुणा दिली ह्या घरात. थोरली जित्ती हाय ह्ये ठावं असून दिली — व्हय का न्हाई? वर मांडवात मला म्हनला हुता, 'धाकली भन समज बाई.' समजले की! तिचं बाळंतपन ह्याच हातांनी केलं. शेक दिला, डिंकाचं लाडू चारलं. पोरगी झाली अन् धनी माझ्या खोलीकडं फिरकंनात. मग आवसंच्या पानावरची ही उचलली — कळलावी. घरात गेली का नवराबायकूत कळ लागती, समदे म्हनत्यात. चांगुणाच्या वाकळंत शिवली, दोन ठिगळांच्या मदी. अन् काय झालं? काय बी न्हाई! दोन म्हैनं वाट बगितली. भिंतीपल्याड दोगं गुलूगुलू बोलायची, हसायची — हसायची वो! फूल निजलेलं वाकळंत, अन् मी हिकडं जागी. मग मीच तोंड उगडलं. म्हनलं, 'धनी, तुमच्या छातीत सारकी कळ येती, धाकलीची वाकळ उसवून बगा एकडाव.'

उसवली. ती म्हनली, मला ठावं न्हाई. करनी केली म्हनून बैलाच्या चाबकानं मारली तिला अंगनात. सा म्हैन्यांची पोर माझ्या कडंवर — अन् ती माझ्याकडं हात करून म्हनती, 'अक्का, तुमी तरी सांगा!' मी? मी पोरीच्या तोंडावर पदर घेतला. धुरळा उडत हुता.

असं बगू नका. गेलं खरं तोंडातनं... गेलं तर गेलं. कुनाला सांगनार? ज्येच्या हातात चाबूक हुता त्येला? दोन वर्सं त्यो मनाला हेच सांगतोय, का बायकू करनीवाली हुती म्हनून घालवली. आता खोटं ठरलं तर त्यानं काय तोंड दाखवायचं? म्हनून न्हाई ऐकायचा त्यो, बाबा. तुमची चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडती, हात सोलल्यात म्हनता — आमच्याबी हिरीला पानी न्हाई. नात बगायची? ती बगा, जात्यापाशी खेळती. मारा हाक. न्हाई वळायची. आईचं नाव इचारा तिला — छबू म्हनंल. मी शिकवलंय.

रडताय व्हय? रडा. माझ्या बारा वर्सांत कोन आलं हुतं पुसाया?

हे धरा. धरा वो, नुसतं बगा, चावत न्हाई. त्याच येलाची कळलावी हाय, त्याच दिवशी खुडल्याली. दोन वर्सं झाली, पन पाकळीला घडी न्हाई — असं दाबाया जमनार न्हाई कुनाला. मूठ मिटा, वाऱ्यानं चुरल—

आल्यात वाटतं. व्हय, धन्याच्याच वहाना.

अवो! पळत या हिकडं! चांगुणाचा बाप आलाय — अन् त्येच्या मुठीत काय हाय, उगडून बगा!